आकडे वाचले, अक्षरं राहिली

(प्रजासत्ताकदिनी झेंडावंदनानंतर रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



मला कमिटीने विषय दिला होता 'सोसायटीची पंचवीस वर्षं आणि आर्थिक शिस्त'. खजिनदार या नात्याने मी आकडे काढून बसलोही होतो. पहिल्या वर्षीचा मेंटेनन्स किती, पाण्याच्या टाकीचा खर्च किती, लिफ्टचं काय झालं वगैरे. ते सगळं अहवालात छापलेलं आहे, तिथे वाचा. आज मी दुसरंच सांगणार आहे. आर्थिक शिस्तीचाच विषय आहे, पण बेशिस्त माझी आहे. कमिटीला हे ठाऊक आहे, वार्षिक सभेतही थोडक्यात सांगून झालं आहे. पण सभेला किती लोक येतात हे आपल्याला माहीत आहे. म्हणून आज पूर्ण सांगतो.

मी १९७४ साली बँकेत कॅशियर-कम-क्लार्क म्हणून लागलो आणि २०११ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सदतीस वर्षांतली बरीच वर्षं पासिंगला बसलो. पासिंग म्हणजे काय, तर चेक समोर आला की तारीख बघायची, सही ताडायची, आणि रक्कम दोनदा वाचायची. एकदा आकड्यांत, एकदा अक्षरांत. दोन्हींत फरक असेल तर कायदा काय म्हणतो? १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, कलम १८: अक्षरी रक्कम ग्राह्य धरायची. आकडा एका फटक्यात बदलता येतो, अक्षरं सहज बदलता येत नाहीत. नव्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगायचो. आधी अक्षरं, मग आकडे. लक्षात ठेवा, हे पुढे लागणार आहे.

आता २०२४ चा नोव्हेंबर. पेन्शनर मंडळींना नोव्हेंबर म्हटलं की एकच आठवतं, हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करायचं. घरी बसून मोबाइलवरून देता येतो, जीवन प्रमाण ही सोय २०१४ पासून आहे. पण मी जुन्या वळणाचा, शाखेत जाऊनच देतो. त्यानिमित्ताने चार ओळखीचे भेटतात. त्या वर्षीही गेलो. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म घेतला, 'झालं काका' म्हणाला. पोच दिली नाही, मीही मागितली नाही. आता बघा, मी स्वतः बँकेतला. पोचेशिवाय कागद देऊ नका असं सगळ्यांना सांगणारा. मग पाच-सहा दिवस मनात ती टोचणी राहिली.

शुक्रवारी दुपारी जेवून पडलो होतो. मेसेज आला. आपला हयातीचा दाखला नोंदला गेलेला नाही, आज संध्याकाळपर्यंत अपडेट न केल्यास पेन्शन थांबेल, खालील लिंकवर जा. मला वाटलं, बरोबर! त्या पोराने नोंदच केलेली नसणार. पाठवणाऱ्याला माझी शंका ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. नोव्हेंबरात असे मेसेज हजारो नंबरांवर जात असणार, त्यातल्या काहींच्या मनात अशी टोचणी असतेच. माझ्या मनात होती.

लिंक उघडली. पान हुबेहूब बँकेचं. तोच रंग, तेच बोधचिन्ह, खाली 'आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका' अशी सूचनासुद्धा! युजर आयडी टाकला, पासवर्ड टाकला. मोबाइल नंबर विचारला, ईमेल विचारला, तेही दिलं. मग 'खातरजमेसाठी ओटीपी टाका' असं आलं. मोबाइलवर ओटीपी आला. सहा आकडे टाकले. 'पुन्हा प्रयत्न करा' असं आलं. दुसरा ओटीपी आला. तोही टाकला. 'आपला दाखला नोंदला गेला, धन्यवाद' असं झळकलं आणि मी निवांत झोपलो.

ते दोन्ही मेसेज माझ्याकडे अजून आहेत. पहिल्यात स्वच्छ लिहिलेलं आहे की हा ओटीपी नवीन लाभार्थी खातं जोडण्यासाठी आहे. दुसऱ्यात लिहिलेलं आहे की हा ओटीपी ४९,९०० रुपये पाठवण्यासाठी आहे. इंग्रजीत आहे, पण मला इंग्रजी वाचता येतं! बँकेने अक्षरांत सगळं खरं कळवलं होतं. मी फक्त आकडे उचलले. सदतीस वर्षं दुसऱ्यांना जे शिकवलं ते स्वतःच्या खात्याच्या वेळी केलं नाही.

संध्याकाळी फिरून आलो तेव्हा खात्यातून रक्कम गेल्याचा मेसेज दिसला. पाय गार पडले. पासवर्ड बदलायला गेलो तर पासवर्ड चुकीचा म्हणून सांगतो, म्हणजे त्यांनी आधीच बदललेला. डेबिट कार्डाच्या मागे बँकेचा टोल-फ्री नंबर असतो. कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला, नंबर वाचला आणि कार्ड परत पाकिटात ठेवलं.

का ठेवलं? खरं सांगायचं म्हणजे लाज वाटली. शाखेचा मॅनेजर माझ्या हाताखाली तयार झालेला मुलगा. घरी मुलाला मी दर रविवारी सांगायचो, ते पेमेंट अ‍ॅप जपून वापर. आणि या सोसायटीत कोणाला फॉर्म भरायचा असो, व्याजाचं गणित असो, लोक माझ्याकडे येतात. मी ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. सोमवारी गुपचूप शाखेत जायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता, म्हणजे बँक बंद. माझ्या जुन्या डोक्यात बँक बंद म्हणजे व्यवहार बंद असंच पक्कं बसलेलं. वास्तविक एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू आहे. आयएमपीएस तर पहिल्यापासूनच तसं आहे. काउंटर बंद होता तो माझ्यासाठी. त्यांचा चालू होता.

रात्री जेवण गेलं नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

शनिवारी दुपारी फोन आला. गोड आवाज, हिंदीत, प्रत्येक वाक्याला 'सर'. बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलतोय, काल आपल्या खात्यातून चुकीने ४९,९०० गेले आहेत, ते आम्ही उलटे जमा करतोय, एक ओटीपी येईल तो सांगा. रकमेचा आकडा त्याला माहीत होता, म्हणजे बँकेचाच माणूस, असं मला वाटलं. आकडा त्याला माहीत असणारच होता, त्यानेच नेला होता! पण मला त्या क्षणी एकच दिसत होतं, की हे प्रकरण कोणाला न कळता आत्ताच्या आत्ता मिटतंय. ओटीपी आला. आकडे सांगितले. १,८५,००० रुपये गेले. बऱ्याच बँकांत नव्याने जोडलेल्या खात्याला पहिल्या दिवशी मर्यादेतच रक्कम जाते, म्हणून ते दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबले होते.

पहिले ४९,९०० माझ्या दुर्लक्षामुळे गेले. दुसरे १,८५,००० माझ्या गप्प बसण्यामुळे गेले. शुक्रवारी संध्याकाळी तो एक फोन केला असता तर शनिवारचा प्रसंगच आला नसता.

मग मात्र मी सौ. ला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, 'काल रात्री जेवला नाहीत ते यामुळेच ना?' सूनबाई घरी होती. तिने कसलाही प्रश्न न विचारता १९३० लावला. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. लहान मुलांनी पाठ करावा असा आहे. ती मला फक्त म्हणाली, 'बाबा, मेसेज समोर ठेवा, व्यवहार क्रमांक सांगा.' तिकडच्या माणसाने बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक लिहून घेतला. ही तक्रार तिथून संबंधित बँकांकडे जाते. चोर पैसा एका खात्यात ठेवत नाहीत, दोन-चार खात्यांत फिरवतात आणि एटीएममधून काढतात. काढायच्या आत गाठलं तर रक्कम गोठवता येते. त्याच वेळी मुलाने बँकेच्या टोल-फ्री नंबरवर माझं नेटबँकिंग आणि कार्ड बंद करून घेतलं. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर सविस्तर तक्रार भरली, पोलीस ठाण्यातही जाऊन आलो.

दुसऱ्या रकमेतले १,१२,००० कुठल्याशा खात्यात गोठवले गेले. काही महिन्यांनी कोर्टाचा आदेश झाल्यावर ते परत मिळाले. पहिल्या रकमेचा पत्ता नाही.

आता सोसायटीचा भाग. याच्यासाठीच मी आज उभा आहे.

शनिवारी रात्री साडेदहाला अंथरुणावर पडलो आणि ताडकन उठून बसलो. त्या पानावर मी ईमेल कोणता दिला होता? सोसायटीचा. खजिनदार म्हणून दिवसातून दहा वेळा तोच टाकायचो, बोटांना तीच सवय. आणि पासवर्ड? माझा एकच लाडका पासवर्ड होता. माझ्या खात्याला तोच, सोसायटीच्या ईमेलला तोच, आणि सोसायटीच्या बँक खात्याला शेवटचे दोन आकडे बदलून तोच. त्या वेळी आपल्या रंगकामासाठी जमवलेले बावीस लाख त्या खात्यात होते. पेन्शनरांचे, नोकरदारांचे, हप्त्याहप्त्याने दिलेले पैसे.

माझे स्वतःचे पैसे गेले तेव्हा मी एक रात्र गप्प बसू शकलो. हे पैसे माझे नव्हते. तरी खरं सांगतो, सेक्रेटरीबाईंना फोन लावायला मला दहा मिनिटं लागली. पावणेअकराला फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'काका, आधी मी बँकेला कळवून युजर बंद करून घेते. तुम्ही लॅपटॉप घेऊन वर या.' ईमेल उघडला तर अनोळखी ठिकाणाहून लॉगिनचा प्रयत्न झाल्याची सूचना येऊन पडलेली होती. म्हणजे त्यांनी दार वाजवून पाहिलं होतं. रात्री एक वाजेपर्यंत बसून आम्ही सगळे पासवर्ड बदलले.

सोसायटीचा एक रुपयाही गेला नाही. पण त्याचं श्रेय माझं नाही. खातं उघडताना कमिटीने अट घातली होती, की एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने पास करायची, दोघांच्या मंजुरीशिवाय पैसे हलणार नाहीत. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. त्या वेळी काही सभासद म्हणाले होते, 'कशाला हा त्रास, खजिनदार आपलेच बँकवाले आहेत.' बरं झालं, त्यांचं कोणी ऐकलं नाही.

पुढच्या बैठकीत मी राजीनामा दिला. कमिटीने घेतला नाही. पण माझ्याकडचं नेटबँकिंगचं युजर मी सोडलं. हिशेब मी लिहितो, बटण दुसरं कोणी दाबतं.

आता जबाबदारी कोणाची, हा प्रश्न. मुलगा म्हणत होता, 'बाबा, बँकेला सोडू नका.' मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून वाचलं. माझ्या निवृत्तीनंतरचं आहे, त्यामुळे मलाही नवीनच होतं. सोप्या भाषेत असं, की चूक बँकेची असेल तर ग्राहकाला एक पैसाही भुर्दंड नाही. चूक दोघांचीही नसेल, मध्येच कुठेतरी गडबड झाली असेल, आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तरीही भुर्दंड नाही. चार ते सात दिवसांत कळवलंत तर तुमचा तोटा ठरावीक मर्यादेपर्यंत. त्याहून उशीर केलात तर त्या बँकेचं जे धोरण असेल ते. आणि ग्राहकाने स्वतःच ओटीपी, पासवर्ड देऊन टाकला असेल, तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. पण कळवल्यानंतर जो तोटा होईल तो बँकेचा. या शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. शुक्रवारी रात्री कळवलं असतं आणि त्यानंतरही पैसे गेले असते, तर ते बँकेला भरावे लागले असते.

बँकेचं एक पानी उत्तर आलं, त्यात हेच होतं. मी पुढे लोकपालाकडे गेलो नाही, कारण कागद माझ्या विरुद्ध होता आणि कागद वाचता येणाऱ्याने उगाच भांडू नये. पण तुमच्या बाबतीत ओटीपी दिलेलाच नसेल, तर जरूर भांडा. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि त्याला फी नाही.

म्हणजे बँका धुतल्या तांदळासारख्या आहेत असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं बँकांनीच आपल्याला लिंका पाठवून पाठवून लिंक दाबायची सवय लावली आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने कधी नव्हे ते एखादं अनोळखी खातं जोडून त्यात दोन लाख पाठवले, तर एक फोन करून विचारायला काय हरकत आहे? पूर्वी काउंटरवरचा माणूस विचारायचा, 'काका, एवढे कशाला काढताय?' तो माणूस आता नाही. आता एक चांगलं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पत्त्याचा शेवट बघा, नुसता रंग आणि बोधचिन्ह बघू नका. मी तर आता मेसेजमधली कुठलीच लिंक उघडत नाही, पत्ता स्वतः टाइप करतो. वेळ लागतो. लागू दे, मला काय घाई आहे?

घरात आम्ही आणखी काही बदल केले. नेटबँकिंग ज्या खात्याला आहे त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवतो. ठेवी दुसऱ्या खात्यावर, तिथे ऑनलाइन काहीच नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, आणि ते सगळे एका वहीत लिहून कपाटात. मुलगा म्हणतो, वहीत लिहू नये. मी त्याला म्हणतो, अरे, माझा चोर परराज्यात कुठेतरी बसलेला आहे, तो माझं कपाट उघडायला येत नाही. माझ्या वयाच्या माणसाने वीस पासवर्ड पाठ करायचे म्हटलं की शेवटी सगळीकडे एकच होतो, आणि तसंच झालं होतं. वही घराबाहेर न्यायची नाही आणि तिचा फोटो काढायचा नाही, एवढं मात्र पाळतो. ईमेलला दुहेरी पडताळणी सूनबाईने लावून दिली. आणि ओटीपी आला की मी तो मेसेज पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचतो. सौ. स्वयंपाकघरातून ऐकते. ती माझी चेकर.

आता एक राहिलं. २०२२ च्या वार्षिक सभेत आपल्याच एका सभासदांनी आपण फसल्याचं सांगितलं होतं. जुना सोफा विकायला काढला होता. घेणाऱ्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील म्हणाला, आणि चोवीस हजार गेले. पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे मी तेव्हा उभा राहून सांगितलं. पण त्याच्या आधी मी म्हणालो होतो, 'शिकलेल्या माणसाला एवढं कसं कळत नाही?' लोक हसले. ते गृहस्थ चहा न घेता निघून गेले. आज ते समोर बसलेले आहेत, त्यांच्या परवानगीनेच हे बोलतोय. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आहे. पण अपमान चारचौघांत केला होता, म्हणून माफीही चारचौघांतच मागतो. मला क्षमा करा. त्या शुक्रवारी रात्री कार्ड पाकिटात परत ठेवताना मला तुमचाच चेहरा आठवला होता. ते हसणं आता माझ्या वाट्याला येणार, म्हणूनच मी गप्प बसलो.

वार्षिक सभेत हे सगळं सांगितल्यावर महिनाभराने, रात्री अकराला आमची बेल वाजली. बी विंगमधल्या एक काकू. मुलगा परदेशी, इथे एकट्या राहतात. अंगावर शाल, हातात काही नाही, फोन घरीच ठेवून आलेल्या. म्हणाल्या, 'व्हिडिओ कॉलवर पोलीस आहेत. माझ्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत म्हणतात. डिजिटल अटक केली आहे, कोणाशी बोलायचं नाही, ठेव मोडून पैसे पाठवा म्हणतात. बाथरूमला जाते सांगून आले.' मी त्यांना बसवलं. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही, पोलीस फोनवर अटक करत नाहीत आणि पैसे तर मागतच नाहीत, हे सांगितलं. मग मी आणि सौ. त्यांच्याबरोबर वर गेलो. फोनवर तो गणवेशवाला अजून ओरडत होता. फोन मीच बंद केला. पैसे गेले नव्हते, तरी १९३० ला कळवलं.

सौ. ने चहा केला. काकूंचे हात थांबल्यावर मी विचारलं, 'शेजारी दोन दारं सोडून तुम्ही चार मजले उतरून माझ्याकडे कशा आलात?'

त्या म्हणाल्या, 'तुम्ही स्वतःच फसलेले आहात ना. तुम्ही हसणार नाही.'